१२ किलोमीटरचं भोक, ६३७१ किलोमीटरची पृथ्वी: आत काय आहे हे कळलं कसं?

नकाशावही

आठवीला भूगोल शिकवते. भूकवच, प्रावरण, गाभा, त्यांच्यामधल्या सीमा म्हणजे मोहो विलगता, गटेनबर्ग विलगता असं सगळं शिकवून झालं आणि एका मुलीने विचारलं, "बाई, तिथे कुणी गेलंय का? नाही तर जाडी कशी मोजली?"

माणसाने पाडलेलं सर्वांत खोल भोक रशियातल्या कोला द्वीपकल्पावर आहे, एवढं मी तिला सांगितलं. १९७० साली काम सुरू झालं आणि १९८९ पर्यंत १२,२६२ मीटर खोली गाठली. तळाशी तापमान १८० अंश सेल्सिअसच्या आसपास निघालं. अपेक्षेपेक्षा ते फारच जास्त होतं आणि पुढे जाणं जमलं नाही. पृथ्वीचं केंद्र ६३७१ किमीवर, म्हणजे आपण त्या वाटेचा पाव टक्काही खणलेला नाही. तरी पुस्तकात "गाभा २९०० किमी खोलीवर सुरू होतो" असं छापलेलं आहे.

"भूकंपलहरींच्या अभ्यासावरून समजते" हे वाक्य मला पाठ आहे, पण त्याने तिचं समाधान होणार नाही आणि माझंही झालेलं नाही. कुणीतरी कधीतरी एका कागदावर काहीतरी पाहिलं असेल. नेमकं काय पाहिलं? मुलांना वहीत करून बघता येईल असं एखादं गणित असेल तर फार बरं होईल.

कंपनरेषा

ताई, भूकंपालेख वाचणं हेच माझं काम होतं. उमेदवारीच्या काळात काजळी धरलेल्या कागदावर सुई फिरायची, आणि रेषा पुसू नये म्हणून तो कागद लाखेच्या द्रावणात बुडवून आम्ही वाळत घालायचो. पुढे शाई आली, मग संगणकाचा पडदा आला. रेषा वाचायची रीत तीच राहिली. म्हणून "कागदावर नेमकं काय पाहिलं" असं तुम्ही विचारलंत तेव्हा राहवलं नाही. उत्तर लांबणार आहे, चालवून घ्या.

लहरींच्या आधी वजन. हेन्री कॅव्हेंडिश यांनी १७९८ साली शिशाच्या गोळ्यांमधलं गुरुत्वाकर्षण मोजलं आणि त्यावरून पृथ्वीची सरासरी घनता काढली, पाण्याच्या साधारण साडेपाच पट. आजचा आकडा ५.५१ आहे. पायाखालचा ग्रॅनाइट किंवा बेसाल्ट तोलून पाहा, २.७ ते ३ च्या आसपास भरतो. सरासरी साडेपाच यायची तर आत कुठेतरी याहून खूप जड काहीतरी असलंच पाहिजे. एवढं एका खोलीत बसून कळलं. ते जड काहीतरी किती खोलीवर सुरू होतं हे मात्र वजनातून कळत नाही.

तिथे भूकंप लागतो. खडक फाटून सरकतो तेव्हा त्याच्या आतून दोन जातींच्या लहरी निघतात. पी लहर जाताना खडक दाबते आणि सोडते. एस लहर त्याला आडवा हलवते. दाबल्यावर परत फुगणं घन, द्रव, वायू तिघांनाही जमतं, म्हणून पी कशातूनही जाते. आडवं सरकवल्यावर परत जागेवर येणं फक्त घनाला जमतं, म्हणून एस लहर द्रवातून जातच नाही. एवढं एक मुलांकडून पक्कं करून घ्या, पुढचं सगळं यावर उभं आहे.

भूकवचात पी सेकंदाला साधारण ६ किमी धावते, एस साडेतीन. दोघी एकाच वेळी निघतात, पण वाटेत अंतर पडत जातं. जवळच्या भूकंपात दोघींच्या येण्यातला फरक सेकंदांत मोजायचा आणि ८ ने गुणायचं, की भूकंप किती किलोमीटरवर झाला ते कळतं. १० सेकंद म्हणजे ८० किमी. मी हे इतक्यांदा केलंय की रेषा पाहताच आकडा ओठांवर यायचा.

आता मोहो. ८ ऑक्टोबर १९०९ रोजी झाग्रेबच्या दक्षिणेला भूकंप झाला. आंद्रिया मोहोरोविचिच झाग्रेबच्या वेधशाळेत होते. त्यांनी युरोपभरच्या ठाण्यांवरून नोंदी मागवल्या, आणि त्यांच्या लक्षात आलं की काही अंतरावरच्या ठाण्यांवर पी लहर एकदा नाही, दोनदा पोचली आहे. भूकंप तर एकच होता. शिवाय जवळच्या ठाण्यांवर आधी येणारी पी सावकाश वेगाची होती आणि दूरच्या ठाण्यांवर वेगवान पी तिच्या पुढे गेली होती. याचा एकच सरळ अर्थ निघतो: एक पी वरच्या थरातून थेट आली, आणि दुसरी खाली उतरली, जास्त वेगाच्या खडकातून धावली आणि पुन्हा वर आली.

हे गणित तुमच्या मुलांना जमेल. वरचा थर ३५ किमी जाड धरा, त्यात वेग ६. खालच्या खडकात वेग ८. भूकंप पृष्ठभागाजवळ झाला असं समजा. थेट लहरीला १०० किमी जायला १६.७ सेकंद लागतात. खालून जाणाऱ्या लहरीला उतरण्या-चढण्यात सुमारे ७.७ सेकंद जास्तीचे द्यावे लागतात, म्हणजे तिला १०० भागिले ८ अधिक ७.७, असे २०.२ सेकंद लागतात. थेट लहर जिंकली. आता ३०० किमीवरचं ठाणं घ्या. थेट लहर ५० सेकंदांनी येईल, खालून जाणारी ४५.२ सेकंदांनी. इथे ती जिंकली. दोघी बरोबर पोचतात ते अंतर काढा, १८५ किमी येईल.

खरी गंमत उलट दिशेने जाण्यात आहे. प्रत्यक्षात आपल्याला ३५ माहीत नसतं. नोंदींवरून दोन वेग कळतात आणि बरोबरीचं अंतर कळतं. मग बरोबरीच्या अंतराचं निम्मं, गुणिले वर्गमूळ (वेगांचा फरक भागिले वेगांची बेरीज). म्हणजे ९२.५ गुणिले वर्गमूळ (२ भागिले १४). उत्तर ३५. कुणीही खाली न उतरता थराची जाडी निघाली. मोहोरोविचिच यांचा आकडा ५४ किमी आला होता. खंडांखालची सरासरी आज ३५ ते ४० किमी मानतात, समुद्राखाली तर अवघी ७ च्या आसपास. पण तिथे एक सीमा आहे ही गोष्ट त्या दोनदा आलेल्या पी लहरीने कायमची ठरवून टाकली.

कंपनरेषा

(मागचं उत्तर फारच लांबलं, गाभ्याचं इथे लिहितो.)

दूरचा भूकंप दूरच्या देशात नोंदता येतो हेच १८८९ पर्यंत कुणाला ठाऊक नव्हतं. त्या वर्षी एप्रिलमध्ये जर्मनीत पॉट्सडॅमला अर्न्स्ट फॉन रेबॉयर-पाश्विट्झ यांचा आडवा लंबक विनाकारण हलला. तो लंबक भूकंपासाठी बसवलेलाच नव्हता. तारखा जुळवल्यावर कळलं की जपानमध्ये भूकंप झाला होता आणि त्याची लहर पृथ्वीच्या आतून इथवर आली होती. मला विचाराल तर आपल्या शास्त्राचा जन्म त्या दिवशी झाला.

मग रिचर्ड ओल्डहॅम. हे भारतीय भूवैज्ञानिक सर्वेक्षणातले. १२ जून १८९७ च्या आसाम भूकंपाच्या नोंदींत त्यांनी पी, एस आणि पृष्ठभागावरच्या लहरी वेगळ्या ओळखल्या. १९०६ मध्ये त्यांनी अनेक भूकंपांच्या वेळा एकत्र मांडल्या. ठरावीक अंतरापर्यंत लहरी अपेक्षेप्रमाणे येत होत्या, पण पृथ्वीच्या पलीकडच्या बाजूला त्या उशिरा पोचत होत्या. मध्ये काहीतरी वेगळं, लहरींना सावकाश करणारं आहे, असं त्यांनी म्हटलं. तो गाभा.

बेनो गटेनबर्ग यांनी १९१४ च्या सुमारास त्याची खोली २९०० किमी काढली. आज जगभर भूकंपमापकं आहेत, आकडा २८९० वर स्थिर आहे. ११० वर्षांपूर्वी, हाताने आकडेमोड करून, जेमतेम १० किमीचा फरक! मला त्या माणसाबद्दल फार आदर वाटतो.

त्यांनी जे वापरलं ते छायाप्रदेशाचं गणित. भूकंपकेंद्रापासून १०४ अंशांच्या पुढे, म्हणजे सुमारे ११,५०० किमीच्या पुढे, थेट पी लहर येईनाशी होते आणि १४० अंशांच्या आसपास पुन्हा उगवते. कारण प्रावरणाच्या तळाशी सेकंदाला १३.७ किमीने धावणारी पी गाभ्यात शिरताच एकदम ८ वर येते, आतल्या बाजूला वाकते आणि पार पलीकडे निघते. मधला पट्टा सावलीत राहतो. एस लहर तर १०४ अंशांच्या पलीकडे थेट येतच नाही.

वर्गात करून बघा. १ सेंमीला १००० किमी धरून ६.४ सेंमी त्रिज्येचं वर्तुळ काढा, केंद्राशी १०४ अंशांचा कोन करा आणि परिघावरचे ते दोन बिंदू सरळ रेषेने जोडा. त्या रेषेचा मधला बिंदू परिघापासून किती आत आहे ते मोजा. जवळजवळ अडीच सेंटिमीटर, म्हणजे अडीच हजार किमी. खोल जावं तसा वेग वाढतो म्हणून खरा मार्ग सरळ नसतो, खालच्या बाजूला फुगतो. म्हणून खरी खोली त्याहून जास्त, २८९०. पट्टी आणि कोनमापक घेऊन आठवीतलं मूल गाभ्याच्या इतक्या जवळ पोचतं.

बाहेरचा गाभा द्रव आहे हे हॅरॉल्ड जेफ्रीज यांनी १९२६ मध्ये दाखवलं, आणि तेही नुसतं एस येत नाही एवढ्यावरून नाही. चंद्र-सूर्याच्या ओढीने सगळी पृथ्वी किंचित ताणली जाते, त्यावरून तिचा एकूण ताठपणा कळतो. प्रावरणाचा ताठपणा लहरींवरून माहीत होता आणि तो त्या एकूण आकड्याहून जास्त निघत होता. मग आतला भाग ताठ नसलेला, म्हणजे द्रव असायला हवा. दोन वेगळ्या वाटांनी तेच उत्तर आलं की माझ्यासारख्याचा विश्वास बसतो.

आणि इंगे लेहमन. कोपनहेगनला काम करणाऱ्या या बाईंनी १९२९ च्या न्यूझीलंडमधल्या भूकंपाच्या नोंदी पाहिल्या. सावलीच्या पट्ट्यातल्या ठाण्यांवर पी लहरीची बारीक खूण होती. जिथे काहीच यायला नको तिथे काहीतरी आलं होतं. बाकीच्यांनी ते गाभ्याच्या कडेने वळून आलेलं समजून सोडून दिलं. लेहमन यांनी हिशेब मांडला की द्रव गाभ्याच्या आत आणखी एक गाभा असेल आणि लहर त्याच्यावरून वळली असेल, तर वेळा जुळतात. १९३६ मध्ये त्यांनी हे छापलं. आंतरगाभ्याची त्रिज्या आज १२२० किमी धरतात. लेहमन १०४ वर्षं जगल्या, १९९३ मध्ये गेल्या. तुमच्या विद्यार्थिनीला ही गोष्ट जरूर सांगा.

अशनी

कंपनरेषा काकांच्या पुढे काय लिहायचं, पण एक भर घालतो. लहरी वेग सांगतात, पदार्थ सांगत नाहीत. तो वेग कोणत्या खनिजाचा हे प्रयोगशाळेत पाहावं लागतं. मी अशाच एका प्रयोगशाळेत शिकतोय. दोन हिऱ्यांची टोकं समोरासमोर ठेवून मध्ये केसाच्या जाडीपेक्षाही लहान नमुना दाबतात आणि लेझरने तापवतात. पृथ्वीच्या केंद्राशी वातावरणाच्या सुमारे ३६ लाख पट दाब आहे, तितका दाबही अशा उपकरणात गाठता येतो. हिरा पारदर्शक असल्यामुळे दाबात असतानाच नमुन्यावर क्ष-किरण टाकून त्याची रचना पाहता येते.

४१० आणि ६६० किमी खोलीवर भूकंपलहरींचा वेग एकदम वाढतो. ऑलिविन हे खनिज त्या-त्या दाबाला नेलं की ते खरोखरच घट्ट रचनेच्या दुसऱ्या खनिजात बदलतं. लहरींनी सांगितलेली खोली आणि हिऱ्यांमध्ये मोजलेला दाब जुळतात. ६६० किमीच्या खाली जे खनिज सर्वाधिक आहे, म्हणजे सबंध पृथ्वीतच सर्वाधिक आहे, त्याला २०१४ पर्यंत अधिकृत नावच नव्हतं. कारण नियम असा की नैसर्गिक नमुना सापडल्याशिवाय नाव देता येत नाही. तो शेवटी १८७९ साली ऑस्ट्रेलियात पडलेल्या एका अशनीत सापडला आणि प्रचंड दाबाखालचे प्रयोग करणारे शास्त्रज्ञ पर्सी ब्रिजमन यांच्या नावावरून ब्रिजमनाइट हे नाव मिळालं.

नकाशावही

दोघांचेही मनापासून आभार. १८५ किमीचं गणित आजच फळ्यावर सोडवून घेतलं. वर्गमूळ आलं तेव्हा वर्गात कुणीही "हे कशाला" म्हणालं नाही.

आता पुढचा प्रश्न. प्रावरणातून एस लहर जाते, म्हणजे प्रावरण घन आहे. पण मुलांच्या डोक्यात (आणि कितीतरी चित्रांत) भूकवचाखाली लाल शिलारसाचा समुद्र असतो आणि त्यावर भूपट्ट तरंगत असतात. प्रावरण घन असेल तर भूपट्ट सरकतात कसे? आणि ज्वालामुखीतून येणारा लाव्हा कुठून येतो?

कंपनरेषा

ताई, या एका गोष्टीसाठी मी आयुष्यभर भांडत आलोय, त्यामुळे पुन्हा लांबण लागणार.

शिलारसाचा समुद्र नाही. १०० किमीवर नाही, १००० वरही नाही. सबंध २८९० किमीतून एस लहर आरपार येते, रोज येते. मी तिच्या वेळा मोजल्या आहेत. वरच्या भागात काही ठिकाणी खडकाच्या कणांच्या मध्ये थोडासा वितळलेला अंश असतो. बाकी सगळा दगड. तापलेला, पण दगड.

इतक्या तापमानाला तो वितळत का नाही? दाबामुळे. दाब वाढला की वितळण्याचं तापमानही वाढतं, आणि प्रावरणात खाली जाताना वितळबिंदू तापमानापेक्षा पुढे पळतो. म्हणूनच "दर किलोमीटरला २५ ते ३० अंश" हा पुस्तकातला दर थेट केंद्रापर्यंत लावू नका. तो फक्त वरच्या थराचा आहे. तसाच लावला तर केंद्राशी दीड लाखाच्या वर अंश येतील. खरा आकडा पाच-सहा हजारांच्या घरात आहे. प्रावरणात तापमान किलोमीटरला अर्ध्या अंशाहूनही कमी चढतं.

मग तो दगड वाहतो कसा? तुम्ही किती वेळ पाहता यावर ते आहे. एस लहर सेकंदांत जाते, त्या वेळात प्रावरण ताठ असतं. त्याला हजारो वर्षं द्या, ते हळूहळू वाहतं. हिमनदीत बर्फ घनच असतो, कुऱ्हाडीने फुटतो, तरी दरीतून उतरत असतो. प्रावरणाचं तसंच, फक्त कितीतरी सावकाश, वर्षाला काही सेंटिमीटर.

पुरावा मागाल, मागायलाच हवा. हिमयुगात स्कँडिनेव्हियावर सुमारे ३ किमी जाडीचा बर्फ होता. त्याच्या भाराने खालची जमीन दबली आणि प्रावरणातला खडक बाजूला सरकला. बर्फ वितळून जवळपास दहा हजार वर्षं झाली, पण तो खडक अजून परत येतोच आहे. बॉथनियाच्या आखातालगतची जमीन आजही वर्षाला जवळपास १ सेंमी वर येते. फिनलंडचा किनारा समुद्रात पुढे सरकतोय, जुनी बंदरं आत राहिली. द्रव असतं तर हे केव्हाच संपलं असतं. अजिबात न वाहणारा घन असता तर घडलंच नसतं.

लाव्हा बनावा लागतो, आत भरून ठेवलेला नसतो. तो बनण्याच्या वाटा मुख्यतः तीन. समुद्रतळाच्या मध्यवर्ती पर्वतरांगांखाली तप्त घन खडक वर चढतो, चढताना दाब घटतो आणि त्याचा थोडा भाग वितळतो. जिथे एक भूपट्ट दुसऱ्याखाली जातो तिथे तो खनिजांत अडकलेलं पाणी सोबत नेतो. ते पाणी वरच्या खडकात शिरलं की त्याचा वितळबिंदू उतरतो. आणि हवाईसारख्या ठिकाणी खोलातून नेहमीपेक्षा तापलेला खडक वर येतो. तिन्हींत वितळतो तो थोडाच हिस्सा.

भूपट्टांविषयी एक राहिलं. ते तरंगत भटकत नाहीत. समुद्री भूपट्ट जुना होतो, थंड होतो, जड होतो आणि एका टोकाने प्रावरणात बुडतो, बुडताना उरलेल्याला ओढतो. बहुतेक भूशास्त्रज्ञ आज या ओढीलाच मुख्य जोर मानतात. कियो वदाती यांनी १९२८ मध्ये जपानखाली शेकडो किलोमीटर खोल होणारे भूकंप दाखवले, ते या बुडत्या थंड पट्ट्यातलेच. असे भूकंप सुमारे ७०० किमीपर्यंतच होतात. ९ जून १९९४ ला बोलिव्हियाखाली ६०० किमीहून खोल ८.२ मॅग्निट्यूडचा भूकंप झाला आणि तो थेट कॅनडात टोरांटोपर्यंत जाणवला. इतक्या दाबाखाली दोन पृष्ठभाग एकमेकांवर घसरणंच मुळात अवघड, म्हणून तिथे भूकंप नेमका कसा सुटतो यावर अजून वाद आहे. अशनी म्हणाले ते ऑलिविनचं एकाएकी दुसऱ्या खनिजात बदलणं हे एक वजनदार उत्तर आहे.

वाटसरू

धागा वाचत होतो, विषयाला धरूनच विचारतो. भूकंपाआधी हवा कोंदट होते, वारा पडतो, ढग वेगळे दिसतात असं लोक म्हणतात. माझ्या वडिलांचाही यावर पक्का विश्वास आहे. वातावरणाचा काही संबंध असतो का? आणि एवढं सगळं कळत असेल तर तारीख का सांगता येत नाही?

कंपनरेषा

वाटसरू, वडिलांना आकडे दाखवा. मोठं वादळ आलं तरी हवेचा दाब फार तर काही टक्क्यांनी बदलतो. भूकंप जिथे सुरू होतो तिथे, म्हणा १० किमी खोलीवर, वरच्या खडकाचा दाब वातावरणाच्या सुमारे २६०० पट असतो. त्या २६०० मध्ये दोन-तीन शतांश इकडचे तिकडे. शिवाय भूकंप उन्हाळ्यात, हिवाळ्यात, पावसात, रात्री, दुपारी सारखेच होतात. ज्या दिवशी भूकंप होतो त्या दिवशीची हवा लोकांच्या लक्षात राहते. तशीच हवा असलेले बाकीचे दिवस कुणी मोजत नाही.

उलट दिशेने मात्र संबंध आहे आणि तो मोजलेला आहे. मोठ्या भूकंपात जमीन आणि समुद्रपृष्ठ वर-खाली होतं, त्याने कानाला न ऐकू येणाऱ्या ध्वनिलहरी वर जातात. ११ मार्च २०११ च्या जपानमधल्या भूकंपानंतर साधारण दहा मिनिटांत आयनांबरात, म्हणजे वातावरणाच्या वरच्या विद्युतभारित थरात, तरंग उठले आणि जीपीएसच्या संकेतांत ते दिसले. पण हे भूकंपानंतर.

तारखेचं सांगतो. हॅरी रीड यांनी १९०६ च्या सॅन फ्रान्सिस्को भूकंपानंतर दाखवलं की भ्रंशाच्या, म्हणजे खडक जिथे फाटून सरकतो त्या भेगेच्या, दोन बाजूंचा खडक वर्षानुवर्षं वाकत जातो, ताण साठतो आणि एका क्षणी घर्षण हरतं. ताण किती वेगाने साठतो ते आज आम्ही मिलिमीटरमध्ये मोजतो. घर्षण कुठल्या ठिपक्यावर आणि कधी हरेल ते मोजता येत नाही, कारण तो ठिपका दहा किमी खोल आहे. कॅलिफोर्नियातल्या पार्कफील्डला ठरावीक अंतराने सहा मॅग्निट्यूडच्या आसपासचे भूकंप होत आले. पुढचा १९९३ पर्यंत होईल असं जाहीर करून तिथे भरपूर उपकरणं बसवली. तो आला २८ सप्टेंबर २००४ ला, आणि आधी कोणत्याही उपकरणावर खात्रीची खूण उमटली नाही.

चीनमध्ये ४ फेब्रुवारी १९७५ ला हायचेंगचा भूकंप होण्याआधी लोकांना घराबाहेर काढलं गेलं, कारण आधी लहान धक्क्यांची रांग लागली होती. सगळ्यांना वाटलं जमलं. पुढच्याच वर्षी २८ जुलैला तांगशान हादरलं, आधी तशी कोणतीच रांग नव्हती, आणि अधिकृत आकड्यानुसार २ लाख ४२ हजार माणसं गेली. म्हणून कुणी तारीख-वार सांगणारा निरोप पुढे पाठवला की मला राग येतो. लोक आधी घाबरतात, मग विश्वास ठेवणं सोडतात, आणि खऱ्या सूचनेकडेही दुर्लक्ष करतात.

खरी सूचना म्हणजे काय, तर ही वर लिहिलेली पी आणि एस. पी आधी येते, ती फार नुकसान करत नाही. एस आणि पृष्ठभागावरच्या लहरी मागून येतात, त्या इमारती पाडतात. केंद्राजवळच्या ठाण्याने पी पकडली की विजेच्या वेगाने संदेश पुढे पाठवता येतो. जपानमध्ये २००७ पासून सगळ्या जनतेला असा इशारा मिळतो. ८० किमीवरच्या माणसाला दहा-पंधरा सेकंद मिळतात. तेवढ्यात रेल्वेगाडीला ब्रेक लागतो, लिफ्ट जवळच्या मजल्यावर थांबते, माणूस टेबलाखाली जातो. अगदी केंद्रावर असलेल्याला काहीच वेळ मिळत नाही. त्याच्यासाठी इमारत नीट बांधलेली असणं एवढाच उपाय, आणि तो भूकंपाच्या कितीतरी आधी करायचा असतो.

अशनी

वातावरण आणि पृथ्वीचं पोट यांचा एक संबंध मला फार आवडतो. हवेत ७८ टक्के नायट्रोजन, २१ टक्के ऑक्सिजन आणि ०.९३ टक्के अरगॉन आहे. अरगॉन कार्बन डायऑक्साइडच्या वीस पटींहून जास्त आहे. तो आला कुठून? यातला ९९.६ टक्के हा अरगॉन-४०, आणि तो खडकांतल्या पोटॅशियम-४० च्या ऱ्हासातून बनतो. या पोटॅशियमचा अर्धायुकाल, म्हणजे निम्मं उरायला लागणारा काळ, १२५ कोटी वर्षं. म्हणजे हवेचा जवळजवळ एक टक्का खडकांच्या आत तयार होऊन ज्वालामुखी आणि झिजेतून बाहेर आलेला आहे. पोटॅशियम, युरेनियम, थोरियम यांच्या याच ऱ्हासातून उष्णताही मिळते. जपानमधल्या कामलँड शोधकाने अशा ऱ्हासातून सुटणारे आणि पृथ्वीच्या आतून येणारे प्रतिन्यूट्रिनो नावाचे सूक्ष्म कण मोजले आणि २०११ मध्ये सांगितलं की पृथ्वीतून बाहेर पडणाऱ्या उष्णतेपैकी साधारण निम्मी किरणोत्सारातून येते. बाकीची पृथ्वी घडतानाची शिल्लक.

नकाशावही

वर्गाच्या भिंतीवर प्रमाणात आकृती काढायची ठरवलीय. मोठा कागद आहे. आकडे आणि रंग सांगाल का?

कंपनरेषा

१ सेंमीला १०० किमी धरा. केंद्रापासून १२.२ सेंमीवर आंतरगाभा संपेल, ३४.८ सेंमीवर बाह्यगाभा आणि ६३.७ वर जमीन. खंडाखालचं भूकवच साडेतीन मिमी, समुद्राखालचं ०.७ मिमी, म्हणजे तिथे टोकदार पेन्सिलची एकच रेषा. कोलाचं भोक १.२ मिमी. सर्वांत खोल भूकंप वरून ७ सेंमीवर. बाहेर १ सेंमीवर अंतराळाची रूढ हद्द, पण निम्मी हवा पहिल्या अर्ध्या मिलिमीटरच्या आसपास. ही हवेची पट्टी जरूर काढा, मुलं तिच्याकडे बघत राहतात.

१०४ आणि १४० अंशांच्या खुणा परिघावर दोन्ही बाजूंना करा आणि पी लहरींचे मार्ग दोऱ्याने लावा. ६६० किमीच्या सीमेच्या वरच्या प्रावरणाला ऑलिविनचा हिरवा रंग द्या, ज्वालामुखीतून आलेल्या तुकड्यांत तो तसाच दिसतो. खालच्याला करडा चालेल. 'द्रव' हा शब्द फक्त बाह्यगाभ्यावर लिहा.